आधी निदान, मग उपचार : इंदूरच्या रस्त्यांची शंभर वर्षे

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



इ.स. 1918 मध्ये होळकर संस्थानच्या छापखान्यातून दोन खंडांचा एक इंग्रजी अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच्या नावाचा आशय 'नगररचनेकडून नगरविकासाकडे' असा आहे. तो महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबारासाठी लिहिला गेला आणि त्याचा विषय होता इंदूर शहर. लेखक होते पॅट्रिक गेडिस. स्कॉटलंडमध्ये 1854 साली जन्मलेले हे गृहस्थ पेशाने अभियंता नव्हते की वास्तुविशारदही नव्हते. डंडी येथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. झाड जसे माती, पाणी, ऊन आणि शेजारची झाडे यांच्या संगतीने वाढते, तसेच शहरही वाढते, अशी त्यांची धारणा होती. शहरे राहण्याजोगी कशी करावीत आणि त्यांतील माणसांची ये-जा सुखाची कशी व्हावी, हा आज जगभरच्या संशोधनाचा विषय आहे. त्याचा विचार करताना इंदूरकरांना दूर जाण्याचे कारण नाही. शंभर वर्षांपूर्वीचा हा अहवाल हाताशी आहे.

गेडिस 1914 साली हिंदुस्थानात आले. नगररचनेचे नकाशे आणि चित्रे यांचे त्यांचे मोठे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बुडविले. अनेक वर्षांचे संचित समुद्रात गेले. मित्रांच्या साहाय्याने त्यांनी प्रदर्शन पुन्हा उभे केले आणि ते गावोगाव नेले. पुढील काही वर्षांत त्यांनी अनेक शहरांचे अहवाल लिहिले. त्यांत मराठी राजवटीचा वारसा सांगणारे तंजावर होते, सयाजीराव महाराजांचे बडोदे होते आणि इंदूरही होते.

त्यांची पद्धत साधी होती. शहराविषयी मत देण्यापूर्वी ते शहरात पायी हिंडत. नकाशा हातात घेऊन गल्लीगल्लीत जावे, कोणते घर पडके आहे, विहीर कुठे आहे, झाडाची सावली कुठे पडते, मुले कुठे खेळतात, बाया पाण्याला कोणत्या वाटेने जातात, हे पाहावे आणि मगच कागदावर रेघ ओढावी, असा त्यांचा नियम होता. वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसेच निदानावाचून शहरावर उपचार करू नये, असे ते सांगत.

त्या काळी नगरसुधारणा म्हणजे दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ता काढणे, अशी समजूत होती. गेडिस यांचे तिच्यावरील आक्षेप नेमके होते. ज्यांची घरे पाडली जातात ती माणसे नाहीशी होत नाहीत. ती शेजारच्या गल्लीत जाऊन राहतात आणि तिथली दाटी वाढते. नुकसानभरपाईचा बोजा नगरपालिकेला पेलत नाही. शिवाय उन्हाच्या देशात अरुंद बोळाला सावली असते, रुंद रस्त्याला ती नसते. त्याऐवजी एखादे पडके घर काढून तिथे चौक मोकळा करावा, झाड लावावे, बोळाचे अडलेले तोंड उघडावे आणि बाकीची वस्ती शाबूत राखावी, असे ते सुचवीत. ही राखून करावयाची शस्त्रक्रिया होती.

इंदुरात त्यांना प्लेगने गांजलेले शहर दिसले. अंगरखा घालून गल्लीबोळांत हिंडणारा हा दाढीवाला गोरा साहेब घरे पाडायला किंवा रोगराई घेऊन आला आहे, असा संशय लोकांना येई. तेव्हा गेडिस यांनी महाराजांकडे एक विलक्षण मागणी केली. एका दिवसाचे राजेपण द्यावे! त्या अधिकारात त्यांनी जाहीर केले की दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या भागात जास्तीत जास्त घरे झाडून, सारवून, दुरुस्त करून तयार असतील, त्याच भागातून ती जाईल. कचरा उचलून नेण्याची व्यवस्था फुकट ठेवली गेली. मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून सारे शहर कामाला लागले.

मिरवणुकीचे वर्णन गेडिस पुढे रंगून सांगत. रावणासारखा घाणीचा एक प्रचंड राक्षस आणि तट्टाएवढा प्लेगचा उंदीर मिरवत नेण्यात आला. त्यांच्यामागून पांढऱ्याशुभ्र कपड्यांत झाडूवाले चालले होते. त्यांच्या झाडूंना फुलांच्या माळा होत्या. शहराची ज्यांनी नेहमी उपेक्षा केली त्या शहरानेच त्यांना त्या दिवशी मिरवले असे म्हणणे चुकीचे ठरेल. उपेक्षा शहराने केली होती, आणि मान देण्याची पाळीही त्याचीच होती. त्यानंतर लक्ष्मीचा रथ आला आणि मग नव्या इंदूर नगरीचा. त्या रथावर भावी इमारतींच्या प्रतिकृती होत्या. वस्तुसंग्रहालय होते, नाट्यगृह होते आणि सार्वजनिक ग्रंथालयही होते. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. ही हकीकत मौजेची असली तरी तिचा अर्थ मौजेपुरता नाही. शहरातील सुधारणा हुकमाने टिकत नाही. ती आपली आहे असे माणसांना वाटावे लागते, हे गेडिस यांनी एका दिवाळीत सिद्ध करून दाखविले.

त्याच शहरात काही वर्षांनी दुसरे संशोधन घडले. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 पासून 1931 पर्यंत इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत शेतातील पालापाचोळा, शेण आणि माती यांपासून उत्तम खत करण्याची शिस्तबद्ध रीत बसविली. ती जगभर 'इंदूर पद्धत' या नावाने ओळखली जाते. तिच्यावरील 1931 च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव आहे. वाड यांनी पुढे एफ. के. जॅक्सन यांच्यासह 1934 मध्ये मानवी वस्तीतील कचरा आणि मैला यांना हीच पद्धत लावण्याविषयी पुस्तिका काढली. शहराला जे नकोसे ते शेताला हवेसे, हा विचार येथे प्रयोगाने उभा राहिला. दि. 19 फेब्रुवारी 2022 रोजी इंदूरला ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला 550 टन कचऱ्याची, आणि त्यातला वायू शहरातील बसगाड्यांसाठी वापरण्याची योजना होती. यंत्रे नवी आहेत, पण विचाराची मुळे याच मातीत नव्वद वर्षे जुनी आहेत.

रस्त्यांच्या बाबतीत मात्र शहराला असा धागा जपता आला नाही. गेडिस यांच्या वेळचे एक लाखाच्या आतले इंदूर 2011 च्या जनगणनेपर्यंत सुमारे वीस लाखांचे झाले. कापडगिरण्या आल्या, गेल्या. सायकलींची जागा स्कूटरींनी आणि स्कूटरींची मोटारींनी घेतली. कोंडी झाली की रस्ता रुंद करावा, पूल बांधावा, हा उपाय प्रत्येक शहराप्रमाणे येथेही सुचत गेला.

या उपायाची मर्यादा संशोधकांनी फार पूर्वीच दाखविली आहे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्ये असे मांडले की गर्दीच्या वेळचा रस्ता रुंद केला तरी तो पुन्हा तुंबतो. जे लोक दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या वेळी किंवा बसने जात होते, ते मोकळा रस्ता पाहून त्याच्यावरच येतात. जर्मन गणिती डिट्रिख ब्रेस यांनी 1968 मध्ये याहून चमत्कारिक गोष्ट गणिताने दाखविली. जाळ्यात एक नवा रस्ता जोडल्याने काही वेळा सर्वांचाच प्रवास लांबतो, कारण प्रत्येक जण स्वतःपुरती जवळची वाट धरतो आणि ती वाट सर्वांसाठी अडते. दक्षिण कोरियाच्या सोल शहराने 2003 ते 2005 या काळात उलटे पाऊल टाकले. ओढ्यावर बांधलेला उन्नत महामार्ग पाडून त्याने ओढा मोकळा केला. जोडीला बससेवाही सुधारली. शहर ठप्प झाले नाही.

गर्दीचा हिशेब तसा सोपा आहे. साठ माणसांची बस रस्त्यावर दोन-तीन मोटारींची जागा व्यापते, आणि मोटारीत बहुधा एक-दोन माणसेच असतात. म्हणूनच 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहने नव्हे, माणसे हलविणे हे उद्दिष्ट ठरविले. त्याच वर्षी इंदूरने नव्या सार्वजनिक कंपनीमार्फत शहर बससेवा सुरू केली. गाड्या खाजगी चालकांच्या, मार्ग आणि वेळापत्रक कंपनीचे, अशी ती घडी होती. देशातील इतर शहरे तिचा अभ्यास करण्यास येत.

मग 2013 मध्ये निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत सुमारे साडेअकरा किलोमीटर लांबीचा बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, सुरू झाला. ही कल्पना ब्राझीलमधील कुरिचिबा शहराची. वास्तुविशारद महापौर जेमी लर्नर यांच्या काळात 1974 मध्ये तिथे ती साकार झाली. पुढे 2000 मध्ये बोगोटाने तिला मोठे रूप दिले. भारतात पुण्याने 2006 मध्ये, दिल्लीने 2008 मध्ये आणि अहमदाबादने 2009 मध्ये ती स्वीकारली. दिल्लीचा मार्ग 2016 मध्ये काढून टाकण्यात आला. इंदूरचा मार्ग काढण्याचा निर्णय राज्य सरकारने 2024 च्या अखेरीस जाहीर केला, फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्यास मान्यता दिली आणि कठडे तुटू लागले. बारा वर्षांत शहराने एक गोष्ट बांधली आणि मोडली.

या प्रकरणात कोणा एकाला दोष देणे सोपे आहे, पण त्यातून शहर काही शिकणार नाही. मोटारी शेजारच्या पट्ट्यात तुंबत होत्या, हे खरे. राखीव पट्ट्यातून बस वेळेवर धावत होती आणि विद्यार्थी, नोकरदार स्त्रिया, कमी मिळकतीची माणसे तिच्यावर विसंबून होती, हेही तितकेच खरे. कोंडीत अडकलेल्या मोटारी सर्वांना दिसतात. बसमधून निघून गेलेली माणसे कुणाच्या नजरेस पडत नाहीत, कारण ती तिथे थांबलेलीच नसतात. वाहने मोजली तर एक उत्तर येते, माणसे मोजली तर दुसरे.

पण खरी उणीव आणखी आधीची आहे. कुरिचिबात बसमार्ग हा शहराच्या आराखड्याचा कणा होता. उंच इमारतींना परवानगी त्याच रेषेवर होती, आणि दूरच्या वस्त्यांतून लहान बसगाड्या प्रवाशांना त्या कण्याशी आणून सोडीत. इंदुरात नियोजित जाळ्यापैकी एकच मार्ग प्रत्यक्षात उतरला. रस्त्याच्या मध्यावरील थांब्याशी पोचण्यासाठी वाहनांच्या प्रवाहातून वाट काढावी लागे. औषध परक्या नाडीवर ठरले होते. ते वाईट नव्हते, पण ते देताना येथील नाडी पुरती पाहिली गेली नाही आणि ते बंद करतानाही ती पाहिली गेली नाही.

आता मेट्रो आली आहे. दि. 31 मे 2025 रोजी तिचा सुमारे सहा किलोमीटरचा आणि पाच स्थानकांचा पहिला टप्पा खुला झाला. राजवाडा परिसरातील तिचा मार्ग जमिनीखालून नियोजिला आहे. गेडिस ज्या वस्तीत हिंडले तिच्याच पोटातून तो जाईल. मेट्रोविषयीचा पहिला प्रश्न तिचा वेग किती हा नाही. घराच्या उंबऱ्यापासून स्थानकापर्यंत माणूस कसा जाणार, हा आहे. वाटेत पदपथ आहे का? वैशाखात सावली आहे का? काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना रस्ता ओलांडता येतो का? रात्री आठ वाजता एकटी मुलगी त्या वाटेने निर्धास्त जाईल का? या पाचशे पावलांचे उत्तर नसेल, तर कोट्यवधी रुपयांची गाडी रिकामी धावते.

आजच्या संशोधकांच्या हाती गेडिस यांच्याकडे नसलेली साधने आहेत. उपग्रहामुळे प्रत्येक बसची जागा कळते, तिकिटांवरून गर्दीचा अंदाज येतो, चौकातील कॅमेरे वाहने मोजतात. ही साधने मोलाची आहेत. पण जी बाई भाडे परवडत नाही म्हणून चालत जाते, जो वृद्ध रस्ता ओलांडता येत नाही म्हणून घरीच बसतो, ज्या मुलीचे महाविद्यालय दूर म्हणून सुटते, त्यांचे तिकीट कधीच फाटत नाही. न झालेला प्रवास कोणतेही यंत्र मोजत नाही. त्यासाठी आजही गल्लीत पायी जाऊन दार ठोठवावे लागते.

गेडिस 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. पुढे त्याच विभागाची धुरा घुर्ये यांनी अनेक वर्षे वाहिली. शहराकडे पाहण्याची ती दृष्टी अशी मराठी विद्वत्तेच्या घरातही आली. नागरिकांना आपले शहर एका ठिकाणी पाहता आणि समजून घेता यावे, यासाठी गेडिस यांनी एडिंबरा येथे एका जुन्या मनोऱ्यात केंद्र उभे केले होते. तिथे नकाशे आणि चित्रे मांडलेली असत.

ते काम करण्यास ग्रंथालयाइतकी योग्य जागा दुसरी नाही. नगरपालिकेतील अधिकारी बदलतात, कंपन्या बंद होतात, सरकारे येतात आणि जातात, आणि प्रत्येक वेळी शहराची स्मृती पुसली जाते. म्हणून 1918 च्या अहवालाशेजारी 2013 चा बीआरटीएसचा आराखडा, त्याच्या बाजूचे आणि विरोधातले लेख, न्यायालयाचे निकाल, बसची जुनी वेळापत्रके आणि मेट्रोचे नकाशे या कपाटांत जपले गेले पाहिजेत. वॉर्डावॉर्डातील शाळकरी मुलांनी केलेल्या पदपथांच्या नोंदीही त्यांत असाव्यात. उद्या एखादी समिती शहरासाठी नवा उपाय ठरविण्यास बसेल, तेव्हा तिच्या सदस्यांनी आधी येथे येऊन दोन दिवस वाचन करावे आणि तिसऱ्या दिवशी शहरात पायी हिंडावे.

त्या दिवाळीच्या रथावर ग्रंथालयाची प्रतिकृती नाट्यगृहाच्या आणि संग्रहालयाच्या पंक्तीत ठेवली होती. ज्या संस्थेने शंभर वर्षे पुस्तके जपली, तिने पुढील शंभर वर्षे आपल्या शहराचे निदानही जपावे, हीच या शताब्दीची अपेक्षा.