चार संकेतस्थळे, चार कुलुपे आणि मंडळाचा पैसा
(वार्षिक सर्वसाधारण सभेत कार्यकारिणीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाची आज चार संकेतस्थळे आहेत: मंडळाचे, ग्रंथालयाचे, वधू-वर सूचक केंद्राचे आणि गणेशोत्सवाचे. यंदाच्या अंदाजपत्रकासाठी आलेल्या एका दरपत्रकात 'एसएसएल प्रमाणपत्र' या सदराखाली चार वेगवेगळ्या रकमा मागितल्या आहेत. हा खर्च करावा की नाही, एवढाच आजचा प्रश्न.

विषय तांत्रिक वाटेल, पण तो आपल्या प्रत्येकाच्या घरचा आहे. वधू-वर केंद्राच्या अर्जात आपण मुलामुलींची जन्मतारीख, पगार, फोन नंबर लिहितो. मराठी शाळेसाठी निवेदन काढतो, तेव्हा नाव-पत्त्यासह सह्या घेतो. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या समाजाच्या अशा याद्या भलत्याच्या हाती लागू नयेत, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

प्रमाणपत्र नसलेल्या संकेतस्थळावर भरलेला अर्ज पोस्टकार्डासारखा प्रवास करतो. वाटेत ज्याच्या हाती पडेल तो वाचू शकतो, मजकूर बदलूही शकतो. प्रमाणपत्र लावले की तोच अर्ज बंद लखोट्यातून जातो, आणि तो लखोटा त्याच पत्त्यावर उघडतो याची खात्री मिळते. क्रोम ब्राउझर जुलै २०१८ पासून अशा उघड्या संकेतस्थळांवर 'असुरक्षित' असा शेरा मारतो. तो शेरा पाहून आपले ज्येष्ठ सभासद अर्ज अर्धवट सोडतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

म्हणजे कुलूप हवेच. पण त्यासाठी चार वेळा पैसे मोजायला हवेत का?

नेटस्केप कंपनीने ही पद्धत १९९५ मध्ये बाजारात आणली. आज वापरात आहे ती तिचीच सुधारित आवृत्ती, टीएलएस. नाव मात्र जुनेच रुळले आहे. पुष्कळ वर्षे प्रमाणपत्र म्हणजे दरसालचा खर्च, असेच समीकरण होते. डिसेंबर २०१५ मध्ये 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि हे चित्र पालटले. ती प्रमाणपत्रे विनामूल्य देते आणि सर्व प्रमुख ब्राउझर ती मानतात. विकतच्या आणि फुकटच्या प्रमाणपत्रात लखोट्याचा कागद सारखाच मजबूत असतो.

फरक आहे तो पडताळणीत. पहिल्या प्रकारात संकेतस्थळाचे नाव अर्जदाराच्या ताब्यात आहे, एवढेच तपासतात. दुसऱ्यात संस्थेची कागदपत्रे पाहतात, तिसऱ्यात त्याहून कसून चौकशी होते. मात्र महागड्या तिसऱ्या प्रकारात पत्त्याच्या पट्टीत संस्थेचे नाव दिसत असे, ते क्रोम आणि फायरफॉक्सने २०१९ मध्येच काढून टाकले. आपल्यासारख्या मंडळाला पहिला प्रकार पुरेसा आहे.

अनेक संकेतस्थळांच्या मालकांसाठी तीन मार्ग आहेत. एक, प्रत्येक स्थळाला वेगळे विनामूल्य प्रमाणपत्र. एकाच सर्व्हरवर अशी कितीही राहू शकतात. दोन, एकाच प्रमाणपत्रात अनेक नावे. येथे एका नावाची पडताळणी अडली, तर सर्वांचे नूतनीकरण अडते. तीन, 'वाइल्डकार्ड'. ते एका मूळ नावाखालच्या सर्व उपनावांना चालते, पण वेगळ्या नावाला नाही. ग्रंथालय आणि गणेशोत्सव ही मंडळाच्याच मुख्य नावाखालची उपनावे असतील, तर ते सोयीचे. उद्या आपण देवनागरीतले '.भारत' नाव घेतले (ही सोय २०१४ पासून आहे), तर त्याचे प्रमाणपत्र वेगळे लागेल. आमच्या मते आपल्याला पहिला मार्ग सरळ आहे.

आता खरी अडचण सांगतो. प्रमाणपत्राला मुदत असते आणि ती आखूड होत चालली आहे. २०२० पासून ती जास्तीत जास्त ३९८ दिवसांची होती. एप्रिल २०२५ च्या निर्णयानुसार १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून केवळ ४७ दिवस. विकतच्या प्रमाणपत्रालाही हाच नियम. म्हणजे पैसे भरले की वर्षभराची निश्चिंती, हे दिवस संपले. कोणा स्वयंसेवकाने तारीख लक्षात ठेवून हाताने बदल करणे आता जमणार नाही. नूतनीकरण आपोआप व्हायला हवे.

म्हणून होस्टिंगवाल्याला चारच प्रश्न विचारावेत. विनामूल्य प्रमाणपत्र लावू देता का? नूतनीकरण आपोआप होते का? ते अडले तर कोणाला कळवता? आणि शुल्क घेता ते प्रमाणपत्राचे की कामाचे? कामाचा मोबदला देण्यात गैर काही नाही, पण तो त्या नावानेच मागावा. पहिल्या दोन प्रश्नांना 'नाही' उत्तर आले, तर दुसरा होस्टिंगवाला पाहावा.

एक इशारा. कुलूप दिसले म्हणजे संकेतस्थळाचा मालक प्रामाणिक असे नव्हे. भामटेही फुकटचे कुलूप लावतात. शिवाय प्रमाणपत्र माहितीला प्रवासात जपते, कपाटात नाही. जुने अर्ज सर्व्हरवर वर्षानुवर्षे पडून असतील, तर त्यांचे रक्षण वेगळे करावे लागते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशा हलगर्जीपणासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अंमल टप्प्याटप्प्याने होत असला, तरी लग्न जमलेल्यांचे अर्ज काढून टाकायला कायद्याची वाट कशाला पाहावी?

आमचा ठराव असा: चारही संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रे लावावीत. चारही नावांची नोंदणी कोणा एका व्यक्तीच्या नव्हे, मंडळाच्या नावावर करावी. नावांच्या मुदतीच्या तारखा आणि पासवर्ड सचिव व खजिनदार या दोघांकडे ठेवावेत. वाचलेली रक्कम ग्रंथालयाच्या पुस्तक-खरेदीस द्यावी.

सभेने यावर मोकळेपणाने बोलावे, ही विनंती.