चाक इंचभर बाहेर काढावं का?

हिवरे बाजारहून आम्ही बचत गटातल्या बाया बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे कसलं बायांचं बोलणं, हे तर गॅरेजातलं. पण गाडीत बसतो आपण, तिच्या डिझेल-पेट्रोलचे पैसे जातात आपल्या बचतीतून, दवाखान्यात पोरं न्यायची तर त्याच गाडीतून. मग तिच्या चाकाला काय लावायचं आणि काय नाही, हे आपणच ठरवायला नको का?

गोष्ट अशी. आमच्या गटाने एक जुनी सात सीटांची व्हॅन घेतली. पैसे गटाचे, पण कागद एका सभासद आक्कांच्या नावावर. नगर आमच्यापासून १६-१७ किलोमीटर. मसाले, पापड, डाळी नगरला पोचवायच्या, बँकेची कामं करायची, प्रदर्शन असेल तर सामान न्यायचं, अशी गाडी आठवड्यातून तीन-चारदा जाते. चालवतो आक्कांचा पुतण्या. पोरगा गुणी आहे, हात साफ आहे. तोच एक दिवस बैठकीत येऊन म्हणाला, "काकू, वळणावर गाडी झोल खाते. चारही चाकांना स्पेसर टाकू. गाडी रुंद होईल, जमिनीला धरून चालेल. आणि दिसेल पण भारी." गॅरेजवाल्याने सगळे मिळून सहा हजार सांगितले होते.

सहा हजार म्हणजे गटाच्या हिशेबात लहान रक्कम नाही. आम्ही त्याला म्हटलं, आधी ते स्पेसर दाखव. दुसऱ्या दिवशी तो एक घेऊनच आला. ॲल्युमिनियमची जाडजूड चकती, भाकरीपेक्षा लहान, मध्ये गोल भोक, भोवती नटबोल्टची भोकं. गाडीचं चाक ज्या हबवर बसतं, त्या हबच्या आणि चाकाच्या मध्ये ही चकती घालायची. चकती जेवढी जाड, तेवढं चाक बाहेर येतं. इंचाची, म्हणजे २५ मिलिमीटरची चकती दोन्ही बाजूंना लावली, तर दोन चाकांमधलं अंतर ५० मिलिमीटरने वाढतं. एवढंच ते यंत्र. त्यात फिरणारं काही नाही, वायर नाही, तेल नाही. म्हणून तर ते साधं वाटतं.

पोराचं म्हणणं खोटं नव्हतं, हे आधी सांगायला पाहिजे. पाय फाकवून उभं राहिलं की माणूस सहज पडत नाही, तसंच गाडीचं. चाकं लांब-लांब असली की वळणावर गाडी कमी कलंडते. कोणी मोठे टायर टाकले आणि ते आतल्या बाजूला घासायला लागले, तर चाक बाहेर काढायला चकतीचा उपयोग होतो. जर्मनीतली पोर्श कंपनी तर आपल्या काही गाड्यांना स्वतःच अशा चकत्या देते, त्याला लागणाऱ्या लांब बोल्टांसह. तेव्हा ही वस्तूच वाईट, असं आम्ही म्हणणार नाही. प्रश्न आपल्या गाडीचा, आपल्या रस्त्याचा आणि आपल्या ओझ्याचा आहे.

आता जरा नीट ऐका. भरलेली घागर तुम्ही कमरेवर घेता, अगदी अंगाला चिकटवून. तीच घागर हात पुढे लांब करून धरून बघा. पाणी तेवढंच, घागर तीच, पण खांदा भरून येतो. ओझं अंगापासून जितकं लांब, तितका सांध्यावर ताण जास्त. गाडीचंही तसंच आहे. चाकाच्या मधोमध जे बेअरिंग असतं, तो गाडीचा खांदा समजा. कंपनीने चाक अशा जागी बसवलेलं असतं की ओझं शक्य तितकं त्या बेअरिंगच्या जवळून जावं. भरलेल्या गाडीत एकेका चाकावर साडेतीनशे-चारशे किलो भार येतो. ते चाक इंचभर बाहेर सरकवलं की तेवढ्या भाराची घागर आपण इंचभर लांब धरली. सपाट डांबरी रस्त्यावर ते खपूनही जाईल. पण खड्डा आला, गतिरोधक आला की हाच भार क्षणभर कितीतरी वाढतो. आपल्या रस्त्यांवर खड्डे किती, हे तुम्हाला सांगायला नको. बेअरिंग लवकर झिजतं, घूं-घूं आवाज यायला लागतो, आणि तिकडे दुर्लक्ष केलं तर चाकच डुगडुगतं.

पुढच्या चाकांचं दुखणं आणखी वेगळं. स्टिअरिंग फिरवलं की पुढचं चाक एका ठरावीक बिंदूभोवती वळतं. चाक बाहेर काढलं की तो बिंदू चाकाच्या मध्यापासून लांब जातो. मग एकच चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंगला हिसका बसतो, ब्रेक दाबला आणि एका बाजूला वाळू असली की गाडी एकीकडे ओढते. शिवाय टायर मडगार्डच्या बाहेर डोकावायला लागतो. पावसाळ्यात चिखल आणि खडी थेट गाडीच्या अंगावर, नाहीतर मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर.

सगळ्यात महत्त्वाचं नटाचं. चकत्या दोन तऱ्हेच्या असतात. पातळ चकती नुसती मध्ये सरकवतात आणि जुन्याच बोल्टावर चाक कसतात. पण बोल्टाची लांबी तीच, मध्ये जागा चकतीने खाल्ली, मग नटाला आटे किती उरले? १२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टावर नट निदान तेवढाच, म्हणजे सात-आठ पूर्ण फेरे चढला पाहिजे, असा साधा हिशेब आहे. तीन-चार फेऱ्यांत नट घट्ट झाला, तर तो घट्ट नाही, अडकलेला आहे. ओढणीची गाठ शेवटच्या दोन बोटांत मारल्यासारखं.

दुसरी जाड चकती. ही आधी स्वतःच्या नटांनी हबवर कसतात, आणि मग तिच्यावरच्या बोल्टांवर चाक कसतात. पोराने आणलेली हीच होती. ही पहिलीपेक्षा भक्कम, खरं आहे. पण आतले नट चाकाआड झाकले जातात. चाक काढल्याशिवाय ते दिसत नाहीत. पंक्चरवाला चाक काढतो, बसवतो, बाहेरचे नट कसतो आणि आपल्याला मोकळं करतो. आतले कोण बघणार? चकती बसवल्यावर ५०-१०० किलोमीटर गाडी चालली की चाकं काढून आतले नट मापाच्या पान्याने, म्हणजे टॉर्क पान्याने, पुन्हा कसायचे असतात आणि पुढेही अधूनमधून बघायचे असतात. आम्ही पोराला विचारलं, तुझ्याकडे टॉर्क पाना आहे? नव्हता. गॅरेजवाल्याकडेही तो नुसता पायाने पाना दाबून नट कसायचा.

आणखी एक बारीक गोष्ट. हबच्या मध्यभागी एक गोल उंचवटा असतो, चाक त्यावर नेमकं बसतं आणि त्यामुळे मधोमध राहतं. चकतीने तो उंचवटा झाकला आणि चकतीला स्वतःचा तसा उंचवटा नसला, तर चाक मध्यापासून केसभर सरकून बसू शकतं. मग वेगात स्टिअरिंग थरथरतं. बाजारातल्या चकत्या "सगळ्या गाड्यांना चालतात" म्हणून विकल्या जातात, त्यांच्याबद्दल तर जास्तच सावध राहा. सगळ्यांना येणारी बांगडी कोणाच्याच हातात नीट बसत नाही.

मग आमच्यातल्या एकीने कागदांचा विषय काढला, आणि तिथे आक्का सावरून बसल्या. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतली माहिती उत्पादकाने मूळ दिलेल्या माहितीशी जुळणार नाही, असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत फेरफार करण्याच्या विरोधात निकाल दिला. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मालकाला, चालवणाऱ्याला नाही. म्हणजे आमच्या बाबतीत आक्कांना.

गाडीचं मॉडेल विकायला येण्याआधी ते तपासून घ्यावं लागतं. ही तपासणी करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय आहे आणि आपल्या नगरजवळच्या वाहननगरची व्हीआरडीईपण आहे. एवढ्या जवळ, आणि आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहे? तिथे ब्रेक, स्टिअरिंग, चाकं सगळं एकत्र तपासलं जातं. आपल्या गॅरेजात घातलेली चकती त्या तपासणीत नव्हती. रस्त्यावर कदाचित कोणी अडवणारही नाही. पण उद्या अपघात झाला, तर विमा कंपनीचा माणूस गाडी बघायला येतो, आणि त्याला ती चकती दिसते. मग भरपाईवरून वाद सुरू होतो. गाडीत बाया असताना तो वाद कोणाच्या अंगावर पडेल, हे आक्कांना सांगावं लागलं नाही.

तरीही पोराचा मूळ प्रश्न उरतोच. गाडी वळणावर झुलते, ते खरं. त्याला नुसतं "नाही" म्हणून घरी पाठवणं बरोबर नव्हतं. आमच्या गावाला ताळेबंदाची सवय आहे. किती पाऊस पडला, जमिनीत किती पाणी आहे, हे मोजून पिकं ठरवतात. उसासारख्या जास्त पाण्याच्या पिकाला आणि शेतीसाठी बोअरला गावाने नाही म्हटलं, ते काही ऊस वाईट म्हणून नाही. तसाच ताळेबंद आम्ही गाडीचा मांडला. बारावी सायन्सला असलेली एक पोरगी वही घेऊन बसली.

आमच्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण १३०० मिलिमीटर. ५० मिलिमीटरने ते वाढणार, म्हणजे शंभरात चारसुद्धा नाही. आता टपावरचं ओझं बघा. सगळीकडे रीतच आहे, माणसं आत आणि पोती टपावर. टपावर १०० किलो, माणसांसह गाडी पंधराशे किलो. ते १०० किलो टपावरून १४० सेंटीमीटर खाली, सीटच्या मागे फरशीवर आणले, तर गाडीच्या सगळ्या वजनाचा मध्य सुमारे ९ सेंटीमीटर खाली येतो. तो मध्य जमिनीपासून ७० सेंटीमीटर धरला, तर शंभरात तेरा. गाडी रुंद करून चार मिळणार होते, ओझं खाली आणून तेरा मिळतात, आणि तेही फुकट. पोराने वही दोनदा वाचली. मग म्हणाला, "काकू, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

दुसऱ्या गॅरेजात गाडी नेऊन दाखवली. मागचे दोन्ही शॉकअप तेल गळून कोरडे झालेले, आणि चारही टायरमध्ये वेगवेगळी हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाचा आकडा चिकटवलेला असतो, भरल्या गाडीचा वेगळा आणि रिकामीचा वेगळा. तो कोणी वाचत नाही. शॉकअप बदलले, हवा नेमकी भरली, चाकांची अलाइनमेंट करून घेतली. सहा हजारांतले काही पैसे परत आले. नगर-कल्याण रस्त्यावर गाडी आता सरळ जाते. जोरात वळवली तर अजूनही थोडी कलते, उंच गाडी आहे, ती कलणारच. तिथे वेग कमी करायचा.

काही गटांकडे ट्रॅक्टर आहेत, त्या विचारतील, ट्रॅक्टरची मागची चाकं तर आम्ही आत-बाहेर करतोच की. करा. पण त्यात फरक आहे. पिकाच्या ओळींप्रमाणे अंतर कमी-जास्त करता यावं म्हणून रिम आणि डिस्क उलटी-सुलटी बसवायची सोय कंपनीनेच दिलेली असते, आणि कोणतं अंतर चालेल ते पुस्तकात लिहिलेलं असतं. त्याच्या पलीकडे वेल्डिंगवाल्याकडून काही जोडून घेऊ नका.

आणि ज्यांच्या गाडीला आधीच अशा चकत्या आहेत, जुनी घेतानाच आल्या आहेत, त्यांनी घाबरून जाऊ नये. एकदा चारही चाकं काढून आतले नट बघा, चकतीला चीर आहे का बघा, नटाचे फेरे मोजा. चांगल्या मेकॅनिकला विचारून चकत्या काढून टाकता येतात का ते पाहा. काढल्यावर आतल्या बाजूला टायर कुठे घासत नाही ना, हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तपासा.

आमच्याकडे आता हवा तपासायची पाळी लावली आहे, दर सोमवारी एक सभासद, गाडी नगरला निघायच्या आधी. या सोमवारी आक्कांची आहे. टपावरचं कॅरिअर मात्र अजून तसंच आहे. काढून टाकावं, की दिवाळीच्या फराळाच्या हलक्या खोक्यांसाठी ठेवावं, यावर आमचं एकमत झालेलं नाही. पुढच्या बैठकीत बघू.