डॉक्टर खरे यांचा राजीनामा



सात रस्त्यावर जमलेल्या आपणां सोलापूरकरांना डॉ. कोटणीसांची कथा सांगायला नको. १९३८ साली आपली डॉक्टरी घेऊन ते चीनला गेले. त्याच वर्षी डॉक्टरी मागे ठेवून राजकारणात उतरलेल्या दुसऱ्या एका मराठी डॉक्टरावर निराळाच प्रसंग ओढवला. ते डॉ. नारायण भास्कर खरे.

जन्म पनवेलचा, वैद्यकीचे शिक्षण लाहोरचे, व्यवसाय नागपूरचा. १९३७ साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे काँग्रेसचे मुख्य प्रधान झाले. पण मंत्र्यांचे आपसांत पटेना. जुलै १९३८ मध्ये डॉक्टरांनी सहकाऱ्यांचे राजीनामे मागितले. तिघांनी नकार दिला. तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच राजीनामा दिला. गव्हर्नरांनी त्या तिघांना बडतर्फ करून नवे मंत्रिमंडळ बनवण्यास डॉक्टरांनाच बोलावले. पक्षश्रेष्ठी संतापले. काही दिवसांतच डॉक्टर पायउतार झाले आणि पंडित रविशंकर शुक्ल त्यांच्या जागी आले.

चूक कोणाची? सहकारी निवडण्याचा अधिकार मुख्य प्रधानाचा, हे मला पटते. पण तो परक्या सरकारच्या गव्हर्नराचा हात धरून बजावला, हे पटत नाही. दवाखान्यात डॉक्टराने चिठ्ठी लिहिली की झाले. तेथे मते मोजावी लागत नाहीत. राजकारणात निदान अचूक असूनही भागत नाही.

पुढे डॉक्टर हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले, लोकसभेतही गेले. त्या जुलैचा प्रश्न मात्र अजून उभा आहे : राज्याचा मुख्यमंत्री आमदारांनी निवडायचा, की श्रेष्ठींनी? तो विचारण्याचा हक्क आपला, मतदारांचा आहे.