धर्म पायांत असतो



मला विषय दिलाय, धर्म म्हणजे काय आणि माणसाच्या जगण्यात त्याचं काम काय. वेळ दिलाय पाऊण तास. ज्यांनी हा विषय ठरवला त्यांच्या धाडसाला आधी नमस्कार. (हशा) 'धर्म' आणि 'रिलिजन' एकच की वेगळे, हा वाद मी आज उकरून काढणार नाही. त्यात अख्खी संध्याकाळ जाते आणि दोन्ही बाजू आपापल्या घरी जेवायला जातात. भारतरत्न पां. वा. काणे तर तुमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. 1930 ते 1962 या काळात त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड काढले, पानं साडेसहा हजारांच्या वर. ते तुम्ही वाचलेच असतील असं धरून पुढे जातो. मागे कोण हसलं? बरं, पाच राहू देत, चौथा तरी चाळा. त्यात प्रायश्चित्त आहे, श्राद्ध आहे आणि तीर्थयात्रा आहे. मला आज ती तीर्थयात्राच हवी आहे.

कारण माझं म्हणणं सरळ आहे. धर्म आधी पायांत असतो. डोक्यात जातो तो नंतर, आणि कित्येकांच्या डोक्यात जातच नाही, तरी त्यांचं काही अडत नाही. उलट ज्यांच्या फक्त डोक्यात जातो, त्यांच्यापासून जरा जपून राहावं. (टाळ्या) टाळ्या नकोत, वेळ जातो.

गंमत अशी की धर्मावर ज्यांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले ते बहुतेक खुर्चीत बसलेले लोक होते. इंग्लंडात टायलर नावाचा विद्वान होऊन गेला. 1871 साली त्याने सांगितलं, अदृश्य शक्तींवरचा विश्वास म्हणजे धर्म. म्हणजे मामला डोक्यातला. मग अमेरिकेचा विल्यम जेम्स. 1901-02 मध्ये त्याने एडिंबराला व्याख्यानं दिली, आपल्यासारखीच व्याख्यानमाला, श्रोते बहुधा जास्त गप्प बसणारे. त्याचं म्हणणं, एकटा माणूस एकांतात ज्याला परमतत्त्व समजतो त्याच्याशी त्याचं जे नातं असतं, तो धर्म. आता मामला काळजातला झाला. 1912 मध्ये फ्रान्सचा दुर्खीम म्हणाला, माणसं एकत्र येतात, पवित्र काय ते मिळून ठरवतात, त्याभोवती विधी करतात आणि त्यातून त्यांचा एक समाज बनतो. हा माझ्या जवळचा माणूस. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींवर त्याने सगळा डोलारा उभा केला आणि स्वतः ऑस्ट्रेलियाला कधी गेला नाही. पण निदान ज्यांच्यावर लिहिलं ते लोक तरी चालणारे होते!

बघा ना. मक्केत काबाभोवती सात फेरे. नर्मदेला परिक्रमा. जैन साधू तर गाडीत बसतच नाहीत. कैलासाची परिक्रमा सुमारे 52 किलोमीटरची. हिंदू आणि बौद्ध डोंगर उजवीकडे ठेवून चालतात आणि तिबेटातले बोन धर्माचे लोक त्याच डोंगराला बरोबर उलटे फिरतात. तत्त्वज्ञान विचाराल तर तिघांची तीन तोंडं. वाट मात्र एकच, त्यामुळे समोरासमोर आल्यावर एकमेकांना जागा द्यावीच लागते.

आणि तुमच्या गणपतीपुळ्यात? इथे डोंगरच देव. देवाला फेरी घालायची तर डोंगराला घालावी लागते, एक किलोमीटरच्या आसपास. केवड्याच्या बनाची कथा मी सांगत नाही, तुम्ही मला सांगाल. मला आवडते ती तुमची दुसरी रीत. अख्ख्या कोकणात भाद्रपदात घरोघर मूर्ती येते, त्यासाठी मुंबईचा चाकरमानी दाटीवाटीने रेल्वेत उभा राहून गावी पोहोचतो. इथे मात्र घरात गणपती आणत नाहीत. सगळ्यांचा गणपती एक, आणि चतुर्थीला गावकरी उठून त्याच्याकडे जातात, त्या दिवशी थेट गाभाऱ्यात. बाहेरच्याला वाटतं, अरे, घरात मूर्ती नाही म्हणजे कमीच झालं की! मला उलट वाटतं. घरच्या देवाला माणूस घरचाच करून टाकतो. गावच्या देवाकडे जाताना वाटेत शेजारी भेटतो. त्याच्याशी गेले सहा महिने बांधावरून बोलणं नसलं, तरी रांगेत पुढचा-मागचा होऊन उभं राहावं लागतं.

चिठ्ठी आली आहे. वाचतो. 'सर, ज्यांना चालता येत नाही त्यांचा धर्म कुठला?' कोणी लिहिलंय? असू दे. प्रश्न चांगला आहे, मला अडवायला काढलाय हे उघड आहे. (हशा) पण याचं उत्तर कोकणाने कधीच देऊन ठेवलंय. ज्यांना चालवत नाही त्यांच्याकडे देव चालत येतो. शिमग्यात.

हे जरा सविस्तर सांगतो. आमचं गाव संगमेश्वराकडचं. देवाची रूपं पालखीत लागली की पालखी गावभर घरोघर फिरते. आमच्या वाडीत एक म्हातारी होती, नात्याने माझी चुलत आजी. कंबर मोडल्यापासून पडवीतल्या बाजेवर. देवळात जाणं संपलेलं. पालखीच्या आदल्या दिवशी ती बाजेवरूनच सगळ्यांवर हुकूम सोडायची. खळं सारवा, रांगोळी घाला, ओटीचे तांदूळ निवडा, खण कुठला ठेवलाय तो दाखवा. सुनेने दाखवलेला खण तिला एकदाही पसंत पडला नाही. रात्री उशिरा ढोल ऐकू यायचे, आधी खालच्या वाडीत, मग व्हाळापलीकडे. पालखी खळ्यात येऊन नाचायची, पोरं घामाने चिंब, एकाचा खांदा सुटला की दुसऱ्याचा खाली. मग ती पडवीत टेकवायची, अगदी बाजेला लागून. म्हातारी देवाला हात जोडायच्या आधी रागवायची. 'आलास? केवडा उशीर!' देवाला एकेरी, आणि गुरवाला मात्र अहो-जाहो. मग गुरव गाऱ्हाणं घालायचे. मुंबईच्या पोराच्या नोकरीपासून काजूच्या मोहरापर्यंत घरातलं सगळं त्यात यायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका दमात म्हणायची, 'व्हय म्हाराजा.' धाकट्या सुनेला दिवस गेलेत हे त्या घराने गावाला सांगितलं नव्हतं. ते गाऱ्हाण्यात आलं आणि पंचवीस-तीस माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणून मोकळी झाली. आता ती गोष्ट त्या घराची एकट्याची राहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारून दुधाचा तांब्या आला.

ते जमलेले लोक देवावर विश्वास ठेवत होते का, हे मी कुणाला विचारलं नाही. त्यातला एक तर पक्का लाल बावट्याचा, मुंबईच्या गिरणीतून आलेला. पालखीचा खांदा त्याने कधी सोडला नाही.

अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. दहा मिनिटं? सात. म्हणजे गोड भाग संपला आणि कडू भागाला वेळ उरला नाही. नेहमी असंच होतं आणि यात नुसता माझाच दोष आहे असं समजू नका. (हशा)

धर्म पायांत असतो असं म्हटलं की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. कुणाचे पाय कुठे अडवले? इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या आणि 'वाटचाल' हा लेख लिहिला. अभंग एक, वाट एक, आणि जेवणाच्या पंक्ती जातीजातीच्या वेगळ्या, हे त्यांना टोचलं. चालणं माणसांना जोडतं हे माझं लाडकं मत तिथे लंगडतं, हे मला ठाऊक आहे. 20 मार्च 1927 ला महाडात बाबासाहेब आंबेडकर लोकांना घेऊन चवदार तळ्यावर चालतच गेले. त्यांचं मूळ गाव आंबडवे, इथून उत्तरेला, मंडणगडात. 2 मार्च 1930 ला नाशकात काळारामाच्या दारापर्यंत मिरवणूक पोहोचली, पण दारं बंद होती. रत्नागिरीत 1931 साली भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून आणि सावरकरांच्या पुढाकाराने पतितपावन मंदिर उभं राहिलं ते याचसाठी, की हिंदूंतल्या कुठल्याही जातीचा माणूस आतपर्यंत जावा. पालगडचे साने गुरुजी आधी महाराष्ट्रभर हिंडले आणि मे 1947 मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले, विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून. ते उघडलं. बाबासाहेबांनी मात्र दारात ताटकळणं सोडलं आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दुसरीच वाट धरली, बौद्ध धम्माची. लाखो माणसं मागे गेली. आपल्या कोकणातली कित्येक गावं त्यांत आहेत, आणि शिमग्याची पालखी त्यांच्या वाडीवरून कशी जाते किंवा कशी जात नाही, हे इथे बसलेल्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पहिला मान कुणाचा यावरून गावात भांडण लागतं, पोलीस बंदोबस्त येतो, एखाद्या वर्षी पालखी देवळाबाहेर पडतच नाही. देव तोच, देऊळ तेच, श्रद्धाही तीच. वाटेवर भांडण झालं की गावाचा धर्म त्या वर्षी बंद.

तीन मिनिटं. शेवटची चिठ्ठी, बायकांच्या बाजूने आली आहे. 'पालखी बायकांच्या खांद्यावर का नाही?' काही ठिकाणी आता बायका खांदा देऊ लागल्या आहेत. जिथे देत नाहीत तिथे विचारा, कुठल्या ग्रंथात मनाई आहे? सांगणारा म्हणेल, आमच्यात रीत नाही. ग्रंथातली ओळ बदलायला शास्त्री लागतात, पीठ लागतं, काण्यांचे पाच खंड लागतात. खांदा बदलायला एकाने बाजूला सरकायचं असतं. सरकायचे ते सगळे आज पुढच्या दोन रांगांत बसलेत, मला दिसतायत. मघापासून टाळ्या वाजवत होते, आता हाताची घडी घालून आहेत.

वेळ संपला.