वडिलांची फटफटी : मोल आणि किंमत

वडिलांच्या पश्चात् घरांत ज्या वस्तु राहतात, त्यांपैकीं बहुतेकांची वाट आपोआप लागते. कपडे कोणा गरजूच्या अंगावर जातात, पुस्तकें वाचनालयांत जातात, घड्याळ थोरल्या मुलाच्या मनगटावर बसतें. परंतु जिन्याखालीं ताडपत्री पांघरून उभी असलेली जुनी मोटारसायकल अशी सहजासहजीं कोठें जात नाहीं. ती जागा अडविते, तिच्यावर धूळ सांचते, आणि तिच्याविषयीं घरांत बोलणें निघालें कीं तें बहुधा अर्ध्यावरच थांबतें. कोणी म्हणतो, विकून टाकावी. कोणी म्हणतें, बाबांची वस्तु विकायची कशी. आणि कोणी कोठली तरी जाहिरात पुढें करून सांगतो कीं, असल्या गाडीला हल्लीं लाखांनीं पैसे मिळतात. या तिन्ही बोलण्यांत थोडें थोडें तथ्य आहे. म्हणूनच तीं एकमेकांत न मिसळतां निरनिराळीं तपासून पाहणें हिताचें ठरतें.

श्रोत्यांपैकीं अनेकांच्या आठवणींत अशा गाडीचीं तीन नांवें असतील. मद्रासेस १९५५ सालीं स्थापन झालेल्या एनफील्ड इंडियाची बुलेट, एस्कॉर्ट्सची राजदूत, आणि म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची जावा. उदाहरणादाखल जावाचाच विचार करूं. तिचें नांव दोन नांवांच्या आद्याक्षरांचें बनलेलें आहे. फ्रांटिशेक यानेचेक या चेक कारखानदारानें १९२९ सालीं वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनविण्याचा परवाना घेतला, तेव्हां दोन्ही नांवांचे आरंभ जोडून ‘जावा’ हा शब्द सिद्ध झाला. म्हैसूरच्या कारखान्यांत १९६१ पासून या गाड्या तयार होऊं लागल्या. १९७३ पासून त्यांवर ‘येझदी’ हें नांव आलें. आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. पुढें २०१८ सालीं एका नव्या कंपनीनें जावा हें नांव पुन्हां बाजारांत आणलें. त्यामुळें तरुण पिढीला नांवाची ओळख झाली. परंतु म्हैसूरची जुनी गाडी मात्र नवी निपजत नाहीं. जेवढ्या उरल्या तेवढ्याच. मागणी आहे आणि पुरवठा थांबलेला आहे, हें तिच्या किंमतीचें पहिलें कारण होय.

आतां एक कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. पुण्यांतील एका पेठेंत राहणारे, सरकारी कचेरींतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मृत्युपत्र न करतां निवर्तले आहेत. मागें पत्नी, पुण्यांतच नोकरी करणारा थोरला मुलगा, नाशिकला दिलेली मुलगी आणि बंगळूरला असणारा धाकटा मुलगा. जिन्याखालीं १९६६ सालची जावा २५०. तीन वर्षें ती जागची हललेली नाहीं. तिच्यासोबत एक वही आहे. गाडी घेतल्या दिवसापासून पेट्रोल कधीं भरलें, टायर कधीं बदलले, कोणता भाग कोठून आणला व त्यास किती पैसे पडले, हें सारें त्या वहींत वडिलांच्या हातचें लिहिलेलें आहे.

पहिला प्रश्न किंमतीचा नसून मालकीचा आहे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें पत्नी, मुलगे आणि मुलगी यांचे अशा स्वकष्टार्जित वस्तूंत सारखे हिस्से असतात. मुलगी सासरीं गेली म्हणून तिचा हिस्सा जात नाहीं, आणि थोरला गाडीजवळ राहतो म्हणून त्याचा वाढत नाहीं. येथें चार हिस्से झाले. तेव्हां चौघांची संमति हवी. हें बोलणें गिऱ्हाईक दारांत येण्यापूर्वीं व्हावें. सौदा ठरल्यावर घरांतील एकानें तोंड फिरविलें, तर त्यांत गिऱ्हाइकाचा वेळ जातो आणि घरच्यांचें मन जातें.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. वाहनमालकाचा मृत्यु झाल्यावर तीस दिवसांत ती गोष्ट परिवहन कार्यालयास कळवावी, आणि तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नांवावर करून घ्यावी, असा नियम आहे. मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा व इतर वारसांचीं संमतिपत्रें त्यास जोडावीं लागतात. मृताच्या नांवावरील गाडी परस्पर विकूं पाहणारा मनुष्य आपल्या हातानें तिची किंमत पाडतो, कारण ती अडचण गिऱ्हाईक आपल्या शिरावर घेणार आणि तिचा मोबदला किंमतींतून कापणार. नोंदणीची मुदतही पाहावी. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते व नंतर ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. महाराष्ट्रांत अशा जुन्या वाहनांस पर्यावरण कर निराळा द्यावा लागतो. उपर्युक्त गृहस्थांनीं हें सर्व वेळच्या वेळीं केलें असेल, तर त्यांनीं मुलांसाठीं रोख रक्कमच मागें ठेविली आहे असें समजावें.

पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं स्वतंत्र नियम केले. मूळ स्वरूपांत राखलेल्या अशा गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करतां येते. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये असून तिची मुदत दहा वर्षें आहे. परंतु अशी नोंदलेली गाडी नित्याच्या वापरास रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, जुन्या वाहनांची फेरी, दुरुस्ती, इंधन भरणें अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढावयाची. म्हणून विकणाऱ्यानें उत्साहाच्या भरांत हा खर्च करूं नये. गाडी संग्रहांत ठेवावयाची कीं रविवारीं सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत न्यावयाची, हें घेणारा ठरवील. साधी नोंदणी जिवंत असेल, तर ती तशीच राखावी.

आतां किंमत. धाकट्या मुलानें एका जाहिरातींत अशाच गाडीपुढें ३,००,००० रुपयांचा आकडा पाहिला आहे. गल्लींतील मिस्त्री म्हणतो, “दादा, तीन वर्षें बंद आहे, ३५,००० देतों, उद्यांच घेऊन जातों.” या दोहोंपैकीं कोणीही खोटें बोलत नाहीं. जाहिरातींतील आकडा ही मागणी आहे. ती गाडी त्या किंमतीस विकली गेली नसेल, म्हणूनच तर जाहिरात अजून दिसते. मिस्त्रीची किंमत ही व्यापाऱ्याची आहे. तींत त्याची मेहनत, त्याची जोखीम आणि त्याचा नफा धरलेला आहे. खरी किंमत म्हणजे प्रत्यक्षांत झालेल्या व्यवहाराची. त्यासाठीं जुन्या गाड्या वापरणाऱ्या दोन-चार मंडळींस भेटून, त्याच सालची व त्याच स्थितींतील गाडी कितीला गेली हें विचारावें. मागणी किती होती हें विचारूं नये. हातीं किती पडले हें विचारावें.

हिशेबाची रीत दाखविण्यापुरते कांहीं कल्पित आकडे घेऊं. चालू स्थितींतील, स्वच्छ कागदपत्रांची अशी गाडी १,५०,००० रुपयांस जाते असें समजावें. आपल्या गाडीच्या एंजिनाच्या कामास २५,००० आणि टायर, ब्रेक, तारा, बैठक यांस २०,००० लागतील, असें दोन निरनिराळ्या कारागिरांनीं सांगितलें. एंजिन उघडल्याखेरीज न दिसणाऱ्या दोषांसाठीं १५,००० सोडावे. उरले ९०,०००. ही किंमत मनाशीं धरून मागणी एक लाखाची करावी आणि ८५,००० च्या खालीं उतरूं नये. ही खालची मर्यादा चौघांनीं आधींच कागदावर लिहून ठेवावी, म्हणजे दारांत उभ्या असलेल्या थोरल्याला एकेकाच्या मर्जीचा अंदाज करीत बसावें लागत नाहीं.

येथें अनेकांची बुद्धि घसरते. त्यांस वाटतें, गाडी चकचकीत करून विकावी. वरील हिशेबांत दुरुस्तीचे ४५,००० आणि रंग व क्रोमचे ४०,००० घातले, तर ८५,००० गुंतले. गाडी दीड लाखास गेली तरी हातीं ६५,००० च राहिले. म्हणजे न हात लावलेल्या गाडीहून २५,००० कमी. शिवाय मूळचा रंग, जरी तो टाकीवर विटला असला, तरी जाणत्याच्या दृष्टीनें तोच मोलाचा असतो. रंग पुन्हां केव्हांही देतां येतो. मूळचा रंग मात्र एकदांच असतो. म्हणून धूळ पुसावी, कोळिष्टकें काढावीं, आणि थांबावें.

तसेंच, कोणी पाहावयास आला म्हणून बंद गाडीवर लाथा मारूं नयेत. जावाचें एंजिन दोन धावांचें. पेट्रोलांतच तेल मिसळून तें चालतें. पेट्रोल उडून जातें आणि कार्ब्युरेटरांत चिकट साका राहतो. टाकींत गंज धरतो, क्रँकचीं तेलरोधक सीलें कडक होतात, दट्ट्या नळकांड्यांत अडकलेला असतो. प्लग काढून थोडें तेल सोडावें, एक रात्र जाऊं द्यावी, आणि मग हलक्या हातानें एंजिन फिरतें कीं नाहीं एवढेंच पाहावें. या गाडीला लाथ मारण्याचा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच असतो. तो माहितगाराच्याच हातीं द्यावा. एंजिनावरचा आणि चौकटीवरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं ताडून पाहावा. एंजिन मध्यंतरीं बदललें असून त्याची नोंद नसेल, तर किंमत उतरते आणि नांव बदलतांना कामही अडतें.

गिऱ्हाईक कोल्हापूरचा एक तरुण आहे असें समजूं. तो विचारतो, “काकू, गाडी सुरू होते का?” खरें उत्तर असें : “तीन वर्षें सुरू केलेली नाहीं. डाव्या सायलेन्सरला आंतून गंज आहे. बैठक मूळची नाहीं. बाकी सगळें या वहींत आहे.” दोष आपण होऊन सांगितला कीं घासाघीस थांबतेच असें नाहीं, परंतु पुढचें बोलणें विश्वासानें होतें, आणि सौद्यानंतर कोणी दार ठोठावीत नाहीं.

वही पाहून तरुणाचे डोळे लकाकले, आणि वहीसह गाडी मिळाली तर ९२,००० देईन, असें तो म्हणाला. येथें किंमतीचा प्रश्न संपून दुसराच उभा राहतो. नाशिकची मुलगी वही सोडावयास तयार नाहीं. ती आंतल्या खोलींत आईला विचारते, “गाडी गेली, वही गेली, तर बाबांचें काय राहिलें, आई?” आई म्हणते, “गाडी जिन्याखालीं कुजवून तरी काय राहणार आहे? ती जाऊं दे. वही कपाटांत राहूं दे.” तोडगा फार अवघड नव्हता. वहीच्या पानापानाची छायाप्रत काढून तरुणास द्यावयाची आणि मूळ वही घरीं ठेवावयाची. त्याला पाहिजे होता गाडीचा इतिहास, आणि मुलीला पाहिजे होतें वडिलांचें अक्षर. इतिहास प्रतींत उतरतो. किंमत ९२,००० च राहिली.

सौदा झाल्यावरही एक काम उरतें, आणि तेंच पुष्कळदां राहून जातें. नमुना २९ व ३० यांवर सह्या करून ते कार्यालयांत दाखल झाल्याची पोंच घ्यावी; गाडी ‘आहे त्या स्थितींत’ कोणत्या तारखेस व किती वाजतां दिली, याची पावती दोघांच्या सहीनें करावी. नोंदणीपुस्तकांत ज्याचें नांव, तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक व अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिलेला आहे. गाडी कोल्हापुरांत आणि जबाबदारी पुण्यांतील आईवर, असा प्रसंग येऊं देऊं नये.

शेवटीं वांटणी. थोरल्यानें कागदपत्रांसाठीं ४,००० रुपये आधीं खर्चिले होते. ते वजा जातां ८८,००० राहिले, आणि प्रत्येकास २२,००० आले. हा हिशेब एका कागदावर लिहून चौघांनीं पाहिला. दोन्ही भावांनीं आपले हिस्से आईस दिले. मुलीनें आपला घेतला. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. कारण हिस्सा आधीं हातीं येतो, तेव्हांच तो देणें हें देणें ठरतें. न विचारतां कापून घेतलेल्या हिश्शाला औदार्य म्हणत नाहींत.

बापाचें मोल बाजारांत ठरत नाहीं, आणि फटफटीची किंमत घरच्यांच्या आंसवांवर ठरत नाहीं. हे दोन हिशेब ज्या घरांत वेगळे ठेवले जातात, तेथें गाडी गेल्यावरही भावंडें दिवाळीला एका पानावर बसतात.