'पी' दिसेना, गाडी सुरू होईना

मी सैन्यातून निवृत्त झालेला ईएमईचा माणूस. सध्या मुक्काम डेहराडून. नोकरीची सगळी वर्षं जीप, ट्रक आणि वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळे गाडीतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. गेल्या पावसाळ्यात तो उतरला.

हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. फिजिओथेरपीहून परतताना गाडी सुरूच होईना. स्टार्टरचा आवाजसुद्धा नाही. आमची गाडी ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली. लिव्हर 'पी'वर होता, पण मीटरवर 'पी' हे अक्षर दिसत नव्हतं. ब्रेक दाबून लिव्हर 'एन'वर घेतला, स्टार्टर मारला, आणि गाडी सुरू झाली!

निदान इथेच सुरू होतं. बॅटरी किंवा स्टार्टर गेला असता, तर गाडी 'एन'मध्येही सुरू झाली नसती. म्हणजे संशय गिअर पोझिशन सेन्सरवर. हा सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला, लिव्हरची केबल जो शाफ्ट फिरवते त्यावर बसतो. लिव्हर कुठे आहे हे तो कॉम्प्युटरला सांगतो. 'पी' किंवा 'एन' अशी खबर मिळाली तरच स्टार्टर फिरतो. रिव्हर्सचा दिवाही त्याच्याच खबरीवर लागतो.

एका वर्कशॉपने स्कॅनरही न लावता सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. दुसरीकडचा मुलगा म्हणाला, दोन वायरी जोडून देतो, कुठल्याही गिअरमध्ये स्टार्ट होईल. खरं सांगतो, मोह झाला. दुसऱ्याच दिवशी हिला पुन्हा न्यायचं होतं. पण ही काठी टेकत बॉनेटसमोरूनच पलीकडच्या दाराशी जाते. त्या क्षणी लिव्हर 'डी'वर असताना मी किल्ली फिरवली तर? संत्री आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा उभा करतात, चौकी रिकामी सोडत नाहीत. हात जोडले आणि तिथून निघालो.

घरी आधी बॅटरी मोजली. 12.6 व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. ओळखीच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला. कोड आला पी0705, म्हणजे या सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. कोड दोषाची गल्ली दाखवतो, घर आपण शोधायचं असतं. कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका. दोष वायरीत, कनेक्टरमध्ये किंवा ढिल्या केबलमध्येही असू शकतो.

सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना लाकडी गुटके, इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. हे आधी. केबल सुटली की 'पी'च्या भरवशावर राहता येत नाही. कनेक्टर उघडला तर पिनांवर हिरवट गंज. काँटॅक्ट क्लीनरने साफ केला, वाळवला, जोडला. गाडी तीन दिवस चालली, चौथ्या दिवशी पुन्हा तेच. मग मॅन्युअलमधल्या तक्त्याप्रमाणे मल्टिमीटर लावला. 'एन'मध्ये जोड मिळत होता, 'पी'मध्ये येत-जात होता. ओल सेन्सरच्या आत शिरली होती.

आता मात्र नवा सेन्सर. तो बसवताना लिव्हर 'एन'वर ठेवायचा, खुणा जुळवायच्या, मगच बोल्ट आवळायचे. खूण थोडी चुकली तरी तोच दोष परत येतो. कोड पुसून, ब्रेक दाबून प्रत्येक जागी स्टार्ट करून पाहिलं. 'पी' आणि 'एन'मध्ये सुरू व्हायलाच हवी, 'आर' आणि 'डी'मध्ये होताच कामा नये. ही शेवटची तपासणी लोक विसरतात. ज्यांच्याकडे एएमटी गाडी आहे त्यांनी हे घरी करू नये. तिथे सेन्सर बदलल्यावर स्कॅनरने नव्याने शिकवणी द्यावी लागते.

आणि गंज आला कुठून? काही आठवड्यांपूर्वी मीच प्रेशर पंपाने इंजिन धुतलं होतं, अगदी खालपर्यंत, मोठ्या हौसेने. वर्कशॉपवर रागावलो होतो, पण मूळ दोष माझाच निघाला. हिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता पुढच्या वेळी पंप माझ्या हातात द्या."

तेव्हा मंडळी, इंजिन ओल्या फडक्याने पुसा. आणि गाडी सुरू होत नसेल तर ती कशामुळे अडते आहे ते आधी शोधा. कधीकधी ती आपल्याच माणसांसाठी अडलेली असते.

जय हिंद.