लाकडी वाशांपासून सिमेंटच्या स्तूपापर्यंत

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



आपल्या संस्थेच्या नियोजित सभागृहाची चर्चा सध्या घरोघरी चालू आहे. काही सभासदांना वाटते, की इमारतीचा दर्शनी भाग सांचीच्या तोरणासारखा असावा आणि वर घुमट यावा. काहींचे म्हणणे असे, की त्या खर्चात मुलांसाठी एक मोठी अभ्यासिका होईल. दोन्ही बाजूंची तळमळ खरी आहे. म्हणून प्राचीन काळापासून आजपर्यंत वास्तुशैली कशा घडत गेल्या, हे आज थोडक्यात पाहावे असे आम्ही ठरविले. आम्ही वास्तुविशारद नाही. कला शाखेचे पदवीधर आणि पोटापाण्यासाठी बँकेतील खातेवह्या सांभाळणारे. त्यामुळे हा इतिहास पाहताना आमची नजर जशी कोरीवकामाकडे जाते, तशी जमाखर्चाकडेही जाते.

प्रारंभ आपल्या सह्याद्रीपासून करू. पुणे जिल्ह्यातील भाजे येथील चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. तेथे गेल्यावर खांब नीट पाहा. ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. डोंगर कोरून केलेल्या खांबांना कलण्याचे कारण काय? छप्पर तर अखंड कातळाचे आहे. कारण असे, की ही लेणी कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी चैत्यगृह होते. लाकडी बांधकामात गोल छपराच्या भाराने खांब बाहेर ढकलले जातात, म्हणून ते आत कलते रोवावे लागत. सामग्री बदलली, पण हाताची सवय लगेच बदलली नाही. इतकेच नव्हे, तर कातळाच्या छताला त्यांनी खरे लाकडी वासेही बसविले. सांचीच्या स्तूपाभोवतीचे दगडी कठडेही लाकडी कुंपणाच्या धर्तीवरच घडविलेले आहेत.

पुढे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास कार्ले येथील चैत्यगृह कोरले गेले. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी सुमारे ४५ फूट. येथील खांब सरळ उभे आहेत. कातळाला आधाराची गरज नाही हे कारागिरांना आता पुरते उमगले होते. वासे मात्र अजून सागवानीच आहेत. येथील एका शिलालेखात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने प्रवेशभागाचे काम केल्याची नोंद आहे. दगडाच्या लेण्यावर सुताराचे नाव! लाकडाची विद्या दगडात कशी उतरली, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

त्याच कार्ल्याच्या भिंतींवर आणि खांबांवर दात्यांची नावे आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी आहे, धेनुकाकटचे यवन आहेत, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. सांचीच्या एका तोरणावरील कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचा लेख आहे. राजे-महाराजे होतेच. पण एकेक खांब, एकेक दार, एकेक शिळा देणारी कष्टकरी आणि व्यापारी माणसेही होती. आजच्या भाषेत सांगायचे तर ही लेणी बऱ्याच अंशी वर्गणीतून उभी राहिली.

आता नाशिकच्या लेण्यांमधील एक हिशेब ऐका. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेणे दान केले. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने ३,००० कार्षापणे कायमची ठेव म्हणून ठेवली. पैकी २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे द्यायची. गणित करून पाहा. २,००० वर दरमहा २०, म्हणजे वर्षाला २४०. आणि वीस बारे २४०. एका कवडीची चूक नाही! शिवाय हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविला गेला. आम्हा बँकवाल्यांना एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या कारकुनास नमस्कार करावासा वाटतो. इमारत उभी करणे हे अर्धे काम, तिच्यात राहणाऱ्यांची आणि तिच्या नित्य खर्चाची तरतूद हे उरलेले अर्धे, हे त्या काळी ठाऊक होते.

पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात, अजिंठ्याच्या लेण्यांचा दुसरा टप्पा खोदला गेला. १९ व्या आणि २६ व्या लेण्यात स्तूपाच्या पुढच्या अंगावर बुद्धमूर्ती कोरलेली दिसते. उपासनेची पद्धत बदलली, तशी वास्तूही बदलली. वासे मात्र आता दगडातच कोरलेले आहेत. वेरूळचे दहावे लेणे पाहून तर लोक त्याला ‘सुतार की झोपडी’ म्हणू लागले, इतके ते दगडी वासे हुबेहूब आहेत. जवळच आठव्या शतकातले कैलास लेणे आहे. ते पायापासून वर बांधलेले नाही, कळसाकडून खाली खोदत आणलेले आहे. सुटे दगड रचून उभारलेल्या मंदिराचे रूप आता कातळाने घेतले.

अशी रचलेली मंदिरे पुढे सर्वत्र झाली. अंबरनाथचे मंदिर १०६० सालचे. अशा मंदिरांना आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो. पण हेमाडपंत तेराव्या शतकातला. म्हणजे शैली आधीची आणि नाव नंतरचे. नाव बड्या माणसाचे लागते, घडविणारे अनाम राहतात, याचे हे आणखी एक उदाहरण.

या मंदिरांत खांबांची दाटी असते, कारण दगडी तुळई फार लांब अंतर पेलत नाही. ही अडचण चुना, कमान आणि घुमट यांनी सोडविली. सतराव्या शतकातील विजापूरच्या गोलघुमटाचा आतील व्यास सुमारे १२४ फूट, म्हणजे कार्ल्याच्या चैत्याची सारी लांबी त्यात मावेल, आणि मध्ये एकही खांब नाही. नंतर इंग्रजी अमदानीत लोखंड आले. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८७८ मध्ये सुरू होऊन दहा वर्षांनी पूर्ण झाले. पुढे गॉथिक कमानी आणि मागे फलाटांवर लोखंडी छप्पर. त्याच्या कोरीवकामात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांचाही हात आहे. १९३० च्या दशकात सिमेंट-काँक्रीटने मरीन ड्राइव्हच्या गोलाकार सज्जांच्या इमारती घडविल्या. मुंबईच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह २०१८ पासून जागतिक वारसा आहे.

पण विद्यार्थी मित्रांनो, शैलींच्या पुस्तकात चाळीला सहसा स्थान नसते. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. लांब व्हरांडा, सामाईक नळ, सामाईक शौचालय. ती गिरणीच्या भोंग्याने घडविलेली शैली होय. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेबांनी अनेक वर्षे काढली. नंतर दादरला ‘राजगृह’ बांधताना त्यांच्या मनात पहिला विचार होता तो ग्रंथांचा. पुस्तकांना जागा हवी, ही गरज आधी ठरली आणि घर त्यातून आकाराला आले.

आता नागपूरची दीक्षाभूमी घ्या. वास्तुविशारद शिवदानमल यांनी आराखडा केलेला हा स्तूप २००१ मध्ये खुला झाला. दुरून पाहिल्यास सांचीची आठवण येते. परंतु सांचीचा स्तूप भरीव आहे. त्याला फक्त प्रदक्षिणा घालता येते. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे, आत भव्य सभागृह आहे. शतकानुशतके ज्यांना दाराबाहेर उभे केले गेले, त्यांच्या स्मारकात आत जाता यावे, हे किती योग्य! सिमेंट-काँक्रीट हाती होते म्हणून ते शक्य झाले. आकृती परंपरेची, सामग्री आजची आणि उपयोग आपल्या गरजेचा. नक्कल आणि वारसा यांतला फरक येथे दिसतो.

तेव्हा आमचे म्हणणे इतकेच, की तोरण हवे की नको हा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न असा, की या इमारतीत रोज सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत कोण बसणार? एका खोलीत सहा माणसे राहतात अशा घरातील दहावीचा मुलगा किंवा मुलगी तेथे बसणार असेल, तर उजेड, वारा, शांतता आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह यांना नकाशात आधी जागा मिळाली पाहिजे. दुसरा प्रश्न, वीजबिल आणि डागडुजी कशातून होणार? जमलेल्या निधीचा काही भाग उषवदाताप्रमाणे कायम ठेवीत टाकावा आणि फक्त व्याज खर्चावे, अशी सूचना आम्ही येथे मांडतो. तिसरे, पाच रुपये देणाऱ्या मोलकरीण ताईंचेही नाव भिंतीवरच्या फलकावर यावे. कार्ल्याची परंपरा तीच आहे. एवढे झाल्यावर पैसे उरले, तर तोरण अवश्य उभारावे. ते शोभेल, कारण त्यामागे काहीतरी उभे असेल.